हातचा एक

हरदयाल पर्सॉड आधी शिडी लावत नाही.
आधी घराभोवती एक चक्कर मारतो,
बैल विकत घेताना मारतात तशी,
दात बघायचे तेवढे राहतात.

पर्सॉड म्हणजे आपलं प्रसाद.
पाच पिढ्यांमागे उसाच्या मळ्यासाठी गयानाला गेलेलं नाव
स्केनेक्टडीच्या बर्फात पोचेस्तोवर असं झालं.
हिंदी त्याला येत नाही, मराठी तर नाहीच.
मला आंटी म्हणतो.

मी विचारते, किती?
तो म्हणतो, भिंत सांगेल.

एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
मला असली उत्तरं चालत नाहीत.
मग तो टेप ओढतो.
शंभर चौरस फुटांचा एक चौकोन, असे एकवीस,
वर वाया जाणारं धरायचं,
कारण छपराखाली त्रिकोण फार, आंटी,
त्रिकोण फळ्या खातात.
दुसरा मजला, म्हणजे मचाण आलं.
शेजारचं कुंपण चार फुटांवर,
म्हणजे मचाण अवघडून उभं राहणार
आणि अवघडलेल्याची मजुरी जास्त.
खिडक्या एकोणीस, प्रत्येक चौकट आपापल्या परीनं वाकडी.

व्हिनाइल घ्या, स्वस्त पडेल,
पण कडाक्याच्या थंडीत चेंडू लागला तर तडकतं.
सिमेंटच्या फळ्या घ्या, नातवंडांपर्यंत टिकतील.
नातवंडं नाहीत, मी म्हणते.
तो पेन्सिल कानामागे खोचतो,
परत काढतो.
तरी टिकतील, म्हणतो.

कोपऱ्यातली एक पट्टी उचकटली
तर पिवळट व्हिनाइलखाली राखाडी खवले:
अ‍ॅस्बेस्टॉस.
त्याचा आवाज खाली येतो, दवाखान्यात येतो तसा.
याला आम्ही हात लावत नाही,
पांढरे झगे घालून वेगळी माणसं येतात,
त्यांचा कागद वेगळा.
मी त्या वेगळ्या कागदावरचा आकडा बघते
आणि आत जाऊन उगाच चहात पाणी वाढवते.

कुजलेलं किती निघेल?
उघडल्याशिवाय नाही कळत.
तिथे तो आकडा लिहीत नाही, नुसती रेघ ओढतो.
सगळे आकडे झोपले रात्री,
ती रेघ जागी.

ऑक्टोबरात झगेवाले आले, गेले.
तिसऱ्या दिवशी हाक: आंटी, बाहेर या जरा.

उत्तरेची भिंत उघडी.
काताच्या रंगाच्या देवदाराच्या फळ्या
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, पेन्सिलीनं,
अडुसष्ट, पंचेचाळीस, चोवीस,
खाली रेघ,
रेघेखाली एकशे सत्तावीस.
सुताराचं नाव नाही. साल आहे, १९२६.

आठ नि पाच तेरा, तेरा नि चार सतरा,
साताला सात, हातचा एक.
सहा नि चार दहा, दहा नि दोन बारा.
हातचा?
हातचा हातातच राहिला त्याच्या.
वारा सुटला असेल, किंवा कुणी खालून हाक मारली असेल.
दहा डॉलर.
मचाणावरचा एक अख्खा दिवस.
इतकी वर्षं हे घर
एका माणसाच्या एका दिवसानं स्वस्त उभं आहे.

हरदयाल हसला. मग हसायचा थांबला,
फोन काढून स्वतःचं अंदाजपत्रक
ओठ हलवत पुन्हा बेरजेला घेतलं.
बरोबर होतं.
त्यानं पेन्सिल माझ्यापुढे धरली
आणि मी सहाच्या डोक्यावर
बारीकसा एक काढला.

दुपारी भिंतीवर पांढरं कापड चढलं,
खटाखट पिना बसल्या.
रेघेच्या जागीही आकडा आला:
खिडकीखालचं लाकूड, आठशे चाळीस.

चेक लिहिताना मी दहा डॉलर जास्त लिहिले.
हे कसले, आंटी?
मागची बाकी, म्हटलं.
त्यानं चेकची घडी घातली, खिशात ठेवली
आणि उजेड होता तोवर शिडी उतरवायला गेला.